उधारी मागायला जीभ रेटत नाही

वाचकाचं पत्र, थोडक्यात : सोलापूर जिल्ह्यातल्या एका ताईंनी लिहिलं आहे. वय ३८. खासगी शाळेच्या कार्यालयात लिपिक, पगार १४,००० रुपये. गेली दोन वर्षं शाळा सुटल्यावर आणि रविवारी त्या शेंगा चटणी करून विकतात. महिन्याला साधारण १०० किलो माल जातो. दुकानांना २८० रुपये किलोने देतात आणि सगळा खर्च वजा जाता किलोमागे ५० रुपये सुटतात. चटणीला नाव आहे. पण ११ दुकानांत मिळून ३१,००० रुपये अडकलेत आणि ते मागायला जीभ रेटत नाही. दीर म्हणतात, "वहिनी, धंद्याला जिगर लागते. तुमचा स्वभाव शाळेचाच." मध्यंतरी त्यांनी ९,००० रुपये भरून एक उद्योजकता शिबिर केलं. तिथे सांगितलं, पहाटे चारला उठा, ध्येय रोज वहीत लिहा, नोकरीचा दोर कापून टाका. आता अडीच लाखांचं कर्ज काढून कांडप मशीन घ्यावं आणि नोकरी सोडावी असं मनात आहे. कधी वाटतं, हा नादच सोडावा. त्या विचारतात, "उद्योजकाला लागणारे गुण माझ्यात नाहीत. ते आणता येतात का? की स्वभावाला औषध नाही?"

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र चार पानांचं. त्यातली साडेतीन पानं तुमच्यात काय काय नाही याची यादी आहे. बोलता येत नाही, भीड वाटते, धाडस नाही, वय झालं. आणि तिसऱ्या पानावर, दिराच्या बोलण्याबद्दल लिहिता लिहिता, एक ओळ तुम्ही सहज टाकून पुढे गेलात : एका दुकानदाराने सांगितलं की लसूण फार आहे, लहान मुलं खात नाहीत, म्हणून पुढच्या आठवड्यात तुम्ही कमी लसणाची पाकिटं वेगळी करून दिलीत आणि आता त्या दुकानात तीच जास्त जातात.

मी त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारली. गिऱ्हाइकाचं म्हणणं ऐकून आठ दिवसांत माल बदलणारी बाई स्वतःला धंद्याची नव्हे असं म्हणते, तेव्हा मला तिच्यापेक्षा तिच्या आजूबाजूच्यांचा राग येतो.

तुमच्या प्रश्नात एक गृहीतक आहे, ते आधी तपासू. उद्योजक म्हणजे एक विशिष्ट स्वभाव, तो ज्याला आहे त्याला आहे, बाकीच्यांनी नोकरी करावी, असं तुम्ही धरून चालला आहात. दीरही तेच म्हणतात आणि शिबिरवालेही. फरक इतकाच की शिबिरवाले तो स्वभाव ९,००० रुपयांत विकतात.

पश्चिम आफ्रिकेतल्या टोगो देशात, लोमे शहरात, यावर एक मोठा प्रयोग झाला. त्याचा निष्कर्ष २०१७ साली 'सायन्स' या नियतकालिकात आला. १,५०० छोटे धंदेवाले घेतले : कुणी शिवणकाम करणारे, कुणी टपरीवाले, बरेचसे तुमच्या-माझ्यासारखे. तीन गट केले. एका गटाला नेहमीचं व्यवसाय-प्रशिक्षण दिलं, म्हणजे हिशेब, विक्री, पैशाचं नियोजन. दुसऱ्याला पुढाकाराचं. कुणी सांगायची वाट न बघता एखादी गोष्ट सुरू कशी करायची, पुढची अडचण आधी कशी ओळखायची, अडल्यावर दुसरी वाट कशी काढायची, याचा सराव. तिसऱ्या गटाला काहीच नाही. नंतर दोन वर्षांहून अधिक काळ मागोवा घेतला. पुढाकार शिकलेल्यांचा नफा काहीच न शिकलेल्यांच्या तुलनेत सुमारे ३० टक्क्यांनी वाढला. हिशेब शिकलेल्यांचा ११ टक्के, आणि तोही आकडा संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही.

याचा अर्थ हिशेब निरुपयोगी, असा घेऊ नका. त्याबद्दल मी पुढे तुमच्यावर रागावणार आहे. मुद्दा असा की ज्याला आपण 'जिगर' म्हणून जन्मजात समजतो, त्याचा बराच भाग सराव आहे आणि तो चार आठवड्यांत शिकवता आला. तुमच्या शिबिरात भावना जागवल्या. लोमेत कृती करायला लावली. लसणाची पाकिटं तुम्ही वेगळी केलीत तो त्यातलाच धडा, आणि तो तुम्ही फी न भरता शिकलात.

पहाटे चारचं काय, असं तुम्ही विचारलंय. चारला उठणाऱ्यांत दूधवाले आहेत, पेपरवाले आहेत आणि मधुमेह झालेले आमचे एक शेजारी आहेत. यशस्वी माणसाला गाठून "तुम्ही काय करता?" असं विचारलं की तो जे सांगेल ते यशाचं कारण ठरतं, बुडालेले किती जण चारला उठत होते हे कुणी मोजत नाही. शाळा, घर आणि चटणी सांभाळणाऱ्या बाईने झोप कमी करू नये. शेंगदाणे करपतात.

आता खऱ्या दुखण्याकडे येऊ. उधारी.

'भीड ही भिकेची बहीण' असं तुमच्या आई सांगायच्या. म्हण खरी आहे, पण तिच्यातून चुकीचा उपाय निघतो. वाटतं की भीड मेली पाहिजे, मग पैसे वसूल होतील. मी वसुली चोख असणारी बरीच माणसं पाहिली आहेत. त्यातली निम्मी तुमच्याइतकीच भिडस्त. त्यांना जे जमतं ते वेगळंच आहे : ती पैसे मागण्याचा प्रसंगच येऊ देत नाहीत, कारण माल देण्याआधी बोलून मोकळी झालेली असतात. तुम्ही माल टाकता तेव्हा पैशाचा विषय काढत नाही, कारण तेव्हा ते वाईट दिसतं. मग दीड महिन्याने काढावा लागतो, तेव्हा ते दसपट वाईट दिसतं.

किराणा दुकानाचा गल्ला कधी नीट पाहिलात का? गुरुवारी बिस्किटवाला येतो, त्याचे पैसे एका बाजूला काढून ठेवलेले असतात. शनिवारी तेलवाला. तो काही दुकानदाराचा लाडका नसतो, पण त्याचा वार ठरलेला असतो आणि मागचं बिल चुकल्याशिवाय तो नवा माल उतरवत नाही. त्या लोकांच्या भाषेत याला 'बिल टू बिल' म्हणतात. तुमचा वार कोणता? पत्रावरून दिसतं की शाळेतून वेळ मिळेल तेव्हा तुम्ही जाता, कधी मंगळवारी, कधी दहा दिवसांनी. ज्याचा वार नाही त्याचे पैसे शेवटी निघतात. यात तुमचा अपमान काही नाही, ती गल्ल्याची रीत आहे.

तेव्हा एक वार ठरवा. आणि एक वाक्य पाठ करा, शाळेतल्या प्रार्थनेसारखं : "काका, मागचं बिल १,४०० चं आहे, ते घेते आणि हा माल ठेवते." यात विनंती नाही, भांडण नाही, प्रश्नसुद्धा नाही. घरी दोन-चार वेळा मोठ्याने म्हणा. हसू येईल, येऊ द्या. काका म्हणाले, "पुढच्या फेरीला देतो," तर तुम्ही म्हणायचं, "बरं, मग मालही पुढच्या फेरीला ठेवते." आणि पाकिटं पिशवीत परत. पहिल्यांदा हात थरथरेल. तिसऱ्या दुकानात थरथरणार नाही.

मात्र त्याआधी एक गोष्ट करा, आणि माझ्या मते ती सगळ्यात महत्त्वाची. त्या ११ दुकानांची तारीखवार यादी काढा आणि प्रत्येक दुकानात फळीवर तुमची किती पाकिटं पडून आहेत ते मोजा. उधारी ही पुष्कळदा उधारी नसतेच. तो न खपलेला माल असतो. दुकानदार थेट म्हणत नाही की "ताई, तुमची चटणी माझ्याकडे चालत नाही." तोही भिडस्त असतो! तो "पुढच्या फेरीला" म्हणतो. माझा अंदाज आहे की ११ पैकी चार-पाच दुकानांत माल संपलाय आणि पैसे नुसते राहिलेत, तर बाकीच्यांत जुनी पाकिटं खवट व्हायच्या वाटेवर आहेत. पहिल्यांकडे वसुली करायची. दुसऱ्यांकडून पाकिटं परत आणायची, हिशेब मिटवायचा आणि तिथे का खपली नाही ते विचारायचं. ऐकण्यात तुम्ही हुशार आहातच. कदाचित तिथे मोठं पाकीट महाग वाटत असेल, ५० ग्रॅमचं चालेल. कदाचित ते दुकानच तुमचं नसेल.

कायद्याचं थोडं. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, झाली नसेल तर करून घ्या. सरकारी पोर्टलवर ती मोफत होते, एजंटाला पैसे देऊ नका. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार अशा नोंदणीकृत छोट्या उत्पादकाचे पैसे, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचे असतात. लेखी मुदत असली तरी ती ४५ दिवसांपलीकडे जाऊ शकत नाही. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. १,४०० रुपयांसाठी कोपऱ्यावरच्या काकांना कायदा दाखवू नका, गाव लहान आहे. पण बिलावर 'मुदत १५ दिवस' असं छापलेलं असलं की बोलायचं अर्धं काम कागद करतो. उद्या एखाद्या मोठ्या सुपरमार्केटला माल द्यायची वेळ आली तर मात्र ही नोंदणी खरोखर उपयोगी पडेल.

हे फक्त चटणीवाल्यांसाठी नाही. गेल्या काही महिन्यांत मला शिवणकाम करणाऱ्या, शिकवण्या घेणाऱ्या, लग्नाचे फोटो काढणाऱ्या वाचकांची अशीच पत्रं आली. त्या वाचकांनो, तुमच्याकडे परत आणता येईल असा माल नसतो, म्हणून तुम्ही अर्धे पैसे आधीच घ्या. ब्लाउज मापाला टाकताना शंभर रुपये मागणं, शिवून झाल्यावर तीनशे मागण्यापेक्षा सोपं जातं.

आता रागावतो. तुम्ही लिहिलंत, "किलोमागे ५० सुटतात, बाकी हिशेब डोक्यात असतो." डोक्यात हिशेब नसतो ताई, डोक्यात समाधान असतं. ३१,००० म्हणजे ५० रुपयांच्या हिशेबाने ६२० किलो चटणीचा नफा. सहा महिन्यांहून जास्त कुटणं. हे तुम्ही एकदा जरी कागदावर लिहिलं असतंत तर बारावं दुकान... बरं, बारावं अजून नाहीये, ते उघडू नका.

हे मी शहाणपणाच्या उंचीवरून सांगत नाही. मी अकरा वर्षं झेरॉक्स आणि छपाईचं छोटं दुकान चालवलं आणि बंद केलं. माझ्याकडे जिगर होती, तोंड होतं, ओळखी होत्या. नव्हतं ते एकच, घरचा आणि दुकानाचा वेगळा गल्ला. दूधवाल्याचे पैसे गल्ल्यातून, मुलाची फी गल्ल्यातून, आणि कागदवाल्याचं बिल आलं की गल्ला रिकामा. मला वर्षानुवर्षं वाटायचं की धंदा मंदा आहे. धंदा ठीक होता, मी तो खात होतो.

म्हणून चटणीचं बँक खातं वेगळं काढा आणि रात्री दहा मिनिटं वहीत तीन आकडे लिहा : आज किती कुटली, किती दिली, किती पैसे हातात आले. ध्येयाची वही बंद केलीत तरी चालेल. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्याचं पुढे लिज्जत झालं, हे सगळ्यांना माहीत असतं. ते ८० रुपये देणारे छगनलाल पारेख यांनी त्यांना काय बजावलं हे कमी सांगितलं जातं : हे धंद्यासारखं चालवा आणि हिशेब चोख ठेवा. आधी त्या दोन प्रतींचे पापड करत होत्या, एक स्वस्त, एक चांगला. पारेख यांनी सांगितलं, एकच करा, चांगला. त्या सात जणींना कुणी स्वभाव बदलायला सांगितल्याचं काही माझ्या वाचनात नाही.

नोकरी सोडायची का? आज नको.

तुमच्याच आकड्यांवरून बघा. चटणीतून महिना ५,००० मिळतात. रोजचे तीन तास धरले तर २५ दिवसांचे ७५ तास, म्हणजे ताशी ६६-६७ रुपये. शाळेत दिवसाचे सात तास आणि २६ दिवस धरले तर ताशी ७७. फार अंतर नाही, आणि हे मला आशादायक वाटतं. पण पगार आणि चटणी मिळून आज घरात १९,००० येतात. नोकरी सोडून तेवढेच आणायचे तर महिना ३८० किलो विकावी लागेल, आणि तीही उधारी न बुडता. तुम्ही १०० वर आहात. मधल्या २८० किलोंसाठी दुकानं कुठली, हे पत्रात कुठेच नाही. मशीनची किंमत मात्र आहे.

दोर कापायचा सल्ला ऐकायला शूर वाटतो. अमेरिकेत १९९४ ते २००८ या काळात ५,००० हून अधिक लोकांच्या माहितीवरून दोन संशोधकांनी तपासलं : नोकरी सांभाळून धंदा सुरू करून मग पूर्णवेळ त्यात उतरलेल्यांचा धंदा बंद पडण्याची शक्यता थेट उडी घेणाऱ्यांपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी होती. आणि इतकं लांब कशाला? लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत व्हीजेटीआयमध्ये शिकवत होते, तेव्हाच बेळगावात सायकलींचं दुकान सुरू झालं होतं. ते मुंबईहून सायकली पाठवायचे आणि भाऊ रामूअण्णा बेळगावात विकायचे. बढती डावलली गेल्यावर मग नोकरी सोडली. पुढे लोखंडी नांगर केला तर तो शेतकरी घेईनात, लोखंडाने जमीन विषारी होते असा समज होता. किर्लोस्करवाडी उभी राहिली ती १९१० साली, औंध संस्थानच्या आधाराने. या माणसाला कुणी बिनजिगरीचा म्हणणार नाही. पण त्याने पगारावर उभं राहून सायकली विकल्या होत्या, हे दिरांना जरूर सांगा.

त्या गोष्टीतला भाऊ मला तुमच्यासाठी जास्त महत्त्वाचा वाटतो. एकाने आणायचं, दुसऱ्याने विकायचं. सगळे गुण एकाच माणसात असावे लागतात हे कुणी ठरवलं? तुमची जाऊ 'कुणाशीही पाच मिनिटांत ओळख काढते' असं तुम्ही थोड्या कुरकुरीने लिहिलंय. तिला विचारून बघा. वसूल झालेल्या रकमेवर ठरावीक टक्के, कागदावर लिहून, दोन्ही भावांसमोर. घरातलं आहे म्हणून लिहिणं टाळू नका; घरातलं आहे म्हणूनच लिहा. मात्र पहिले दोन महिने तुम्ही स्वतः फिरा. वसुली तिच्यावर सोपवून भीड लपवली तर ती उद्या दुसरीकडून डोकं वर काढेल : मजुरीचं बोलताना, शेंगदाण्याचा भाव करताना.

राहिलं मशीन. सरस सरस्वती या संशोधिकेने मोठे धंदे उभारलेल्या २७ उद्योजकांना एकच काल्पनिक धंदा देऊन ते विचार कसा करतात हे टिपलं होतं. ही माणसं 'किती मिळेल' यापासून सुरुवात करत नव्हती. 'गेलं तर किती गेलेलं मला सोसेल' इथून करत होती. तुम्हीही नवऱ्यासोबत बसून हा आकडा काढा. अडीच लाख तो नसणार. मग अडीच लाख न घालता काय कळू शकतं? उन्हाळ्यातली मसाल्याची घाई ओसरली की मिरची कांडपवाल्यांची मशीनं बरीच रिकामी असतात. एखाद्याशी बोला, मशीन नीट धुऊन घ्या आणि महिनाभर पैसे देऊन तिथे कुटून बघा. उखळातल्यासारखं तेल सुटतं का, चव तीच राहते का, महिन्याला दीडशे-दोनशे किलो माल खरंच उचलला जातो का, हे चार-पाच हजारांत कळेल. दोनशे किलो सलग तीन महिने रोखीत गेली तर मला परत लिहा, तेव्हा कर्जाबद्दल बोलू. नाही गेली तर मशीन कांडपवाल्याचंच आहे, हप्ता त्यालाच.

आणि नाद सोडण्याबद्दल म्हणाल तर तो निर्णय उधारीच्या शरमेतून घेऊ नका. वार ठरवून, यादी काढून, सहा महिने वहीत आकडे लिहून झाल्यावरही संध्याकाळी कुटायला बसताना जीवावर येत असेल, तर खुशाल सोडा. तेव्हा तो निर्णय तुमचा असेल, दिरांचा नाही.

शेवटी तुम्ही विचारलंय की शिबिराचा दुसरा टप्पा पुढच्या महिन्यात आहे, फी २५,००० रुपये, करावा का. तुमच्याच पत्रातल्या १४० रुपये किलोच्या भावाने त्या पैशात पावणेदोनशे किलो शेंगदाणे येतात.